माणसे तुमच्या शब्दावर जातील

वाचकाचे पत्र, थोडक्यात :

‘‘पस्तीस वर्षे पोलीस दलात काढून मी गेल्या वर्षी सहायक फौजदार या पदावरून सेवानिवृत्त झालो. राहायला कसबा बावड्यात आहे. नवी मुंबईच्या एका एजन्सीने परदेशातील ‘शांतता मोहिमां’साठी पोलिसांची भरती करून देण्याचे काम मला देऊ केले आहे. सध्या इराकमध्ये जागा आहेत आणि पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमांतही शेकडो जागा निघतील, असे ते सांगतात. सेवेत असलेले, स्वेच्छानिवृत्ती घेऊ शकणारे आणि निवृत्त असे सगळेच त्यांना चालतात. प्रत्येक उमेदवाराकडून ‘प्रोसेसिंग’चे दीड लाख रुपये मी गोळा करून पाठवायचे आणि निवड झालेल्या माणसामागे मला ४० हजार रुपये मिळायचे, असे ठरते आहे. तिघांनी विश्वासाने आपले पासपोर्ट माझ्याकडे आणूनही दिले आहेत. पत्नीचे म्हणणे असे, की लोकांची पोरे लांब धाडून मिळणारा पैसा आपल्याला नको. इकडे मुलाच्या घराचे हप्ते चालू आहेत. हे काम सन्मानाचे आहे का, आणि करायचे तर कसे करावे?’’

— एक सेवानिवृत्त पोलीस, कसबा बावडा, कोल्हापूर

फौजदारसाहेब, स. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल, आणि दोन्ही भाग सुरुवातीलाच सांगून टाकते. परदेशातील मोहिमेसाठी योग्य पोलीस निवडणे हे काम सन्मानाचे आहे; मी स्वतः बारा वर्षे मुंबईत माजी सैनिक आणि पोलीस यांची परदेशातील सुरक्षेच्या कामांसाठी निवड केली आहे आणि त्या कामाबद्दल मला आजही आदर वाटतो. मात्र तुमच्यापुढे जो प्रस्ताव आला आहे, तो ज्या रूपात आला आहे त्या रूपात तुम्ही स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे सविस्तर लिहिते, कारण पस्तीस वर्षे पंचनामे लिहिलेल्या माणसाला नुसता ‘नको’ एवढा सल्ला पुरणार नाही.

त्या एजन्सीने दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका पिशवीत घालून तुमच्यासमोर ठेवल्या आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमेत जाणारा भारतीय पोलीस कोणत्याही खासगी एजंटामार्फत जात नाही. राष्ट्रसंघ सदस्य देशांकडे पोलीस मागतो, आपल्याकडे ती मागणी केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत राज्यांच्या पोलीस दलांकडे आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांकडे येते, दल आपल्या सेवेतील माणसांची नावे पाठवते, आणि मग राष्ट्रसंघाच्या पद्धतीप्रमाणे इंग्रजी, वाहन चालवणे आणि नेमबाजी यांची चाचणी होते. निवड झालेला माणूस प्रतिनियुक्तीवर जातो. त्याची इथली नोकरी, ज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन शाबूत राहते आणि मोहिमेच्या ठिकाणी त्याला निर्वाहभत्ता मिळतो. एकट्याने जाणाऱ्या अधिकाऱ्याकडे प्रशिक्षणाचा काळ वगळून किमान पाच वर्षांची सेवा लागते. दुसरा प्रकार आहे तो सज्ज तुकडीचा, ज्यात दीडशेच्या आसपास जवान एकत्र जातात. २००७ मध्ये लायबेरियात गेलेली महिलांची तुकडी अशीच केंद्रीय राखीव पोलीस दलातून गेली होती, आणि केवळ महिलांची अशी तुकडी पाठवणारा भारत हा पहिला देश ठरला. या सगळ्या प्रवासात उमेदवाराकडून कोणत्याही टप्प्यावर एक रुपयाही घेतला जात नाही, हे राष्ट्रसंघ स्वतः वारंवार जाहीर करत आला आहे. तेव्हा ‘राष्ट्रसंघाच्या जागा’ असे म्हणून जो पैसे मागतो, त्याच्याबद्दल आणखी चौकशी करण्याची गरजच उरत नाही.

शेकडो जागा निघणार, हे म्हणणेही तपासून पाहा. लायबेरियाची मोहीम २०१८ मध्ये बंद झाली, हैतीतील मोहीम २०१९ मध्ये संपली, मालीतून राष्ट्रसंघ २०२३ च्या अखेरीस बाहेर पडला. दक्षिण सुदान, काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक अशा काही ठिकाणी काम चालू आहे. पण एकंदरीने मोहिमा आवरत्या घेतल्या जात असताना नवी मुंबईतल्या एका कार्यालयाला शेकडो जागांची खबर आधी लागावी, हे पटण्यासारखे नाही.

उरते ते इराकचे काम. ते खरे असू शकते, आणि प्रामाणिकपणे चालणाऱ्या कंपन्याही या क्षेत्रात आहेत, हे मी नाकारत नाही. पण त्याला ‘शांतता मोहीम’ म्हणू नये. ते खासगी सुरक्षेचे काम आहे : एखाद्या तेलक्षेत्राच्या किंवा वसाहतीच्या फाटकावरचा पहारा, गाड्यांच्या ताफ्याची सोबत, फार तर प्रशिक्षकाची नोकरी. तिथे तुमच्या माणसाला अटकेचा अधिकार नसेल, गणवेशावर राज्याचे बोधचिन्ह नसेल, आणि काही बरेवाईट झाले तर त्याच्यामागे पोलीस महासंचालकांचे कार्यालय उभे राहणार नाही. शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसाला ‘मोहीम’ हा शब्द ऐकला की आपण सरकारच्या वतीने चाललो आहोत असे वाटते. तो समज त्याच्या मनात राहू देणे हीच पहिली फसवणूक आहे, मग पुढचे सगळे कागद खरे असले तरीही.

आता कायद्याचे पाहू. परदेशातील नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याने १९८३ च्या उत्प्रवास (म्हणजे कामासाठी देशाबाहेर जाण्याच्या) कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. एजन्सीचा परवाना क्रमांक मागा, तो तिथे जुळवून पाहा आणि परवान्याची मुदत संपलेली नाही ना तेही पाहा. पण परवाना खरा निघाला तरी तुमचा प्रश्न सुटत नाही, कारण परवाना त्यांचा आहे, तुमचा नाही. गावोगावी माणसे आणि पैसे गोळा करणाऱ्या उपएजंटाला हा कायदा ओळखत नाही. तुमच्या नावाने पावती नाही, नेमणुकीचे पत्र नाही, आणि पैसे मात्र तुमच्या हातातून जाणार, अशी ही रचना आहे. विनापरवाना भरतीला दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे, आणि फसवणुकीचे जुने ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. उद्या फिर्याद दाखल झाली तर ती कोल्हापुरातच होईल आणि तिच्यात पहिले नाव तुमचे असेल.

आकड्यांकडेही एकदा हिशेबाच्या नजरेने पाहा. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ३५ हजार ४०० रुपये घेता येतात. तुम्हाला माणसामागे द्यायचे कबूल केलेले ४० हजार हे त्या संपूर्ण कायदेशीर शुल्कापेक्षा जास्त आहेत. म्हणजे तुमचा मोबदला कायदेशीर पैशांतून निघूच शकत नाही. तो त्या माणसाच्या दीड लाखातून, बहुधा पतसंस्थेच्या कर्जातून किंवा बायकोच्या दागिन्यांतून निघणार आहे. तुमच्या पत्नी जे म्हणाल्या ते भावनेच्या भरात म्हणाल्या, असे तुम्हाला वाटले असेल. मला तो अत्यंत व्यवहारी आक्षेप वाटतो.

एक बारकावा असा आहे, की तो या व्यवसायात वर्षे काढलेल्यांच्याही लक्षात येत नाही. इराक, जॉर्डन, लिबिया, येमेन, सुदान आणि आखाती देश धरून १८ देशांत कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगाराला सरकारची उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागते. त्या निमित्ताने त्याचा करारनामा पाहिला जातो आणि १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमाही त्याला उतरवावा लागतो. पण पासपोर्ट काढताना दहावी उत्तीर्ण असल्याचे दाखवलेल्याला या मंजुरीची गरज नसते, आणि पोलीस भरतीला तर बारावीच लागते. परिणामी गवंडी किंवा सुतार जाताना त्याच्या कागदावरून निदान एकदा सरकारी नजर फिरते, आणि आपला पोलीस मात्र कोणीही कागद न पाहता विमानात बसतो. त्याचा करारनामा ओळीने वाचणारा माणूस या देशात कोणी असेल, तर तो त्याची भरती करणाराच असतो.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, याला कारण आहे. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी गडहिंग्लज भागातील एक निवृत्त हवालदार मी निवडले. आठ तासांची ड्युटी आणि सहा महिन्यांनी रजा, असे मी त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना सांगितले. आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात तसे छापलेले होते. तिथे उतरल्यावर त्यांच्यापुढे दुसराच करारनामा ठेवला गेला : बारा तास काम आणि रजा वर्षाने. सातव्या महिन्यात त्यांचे वडील वारले आणि ते येऊ शकले नाहीत. त्यांच्या मुलाने मला फोन केला, आवाज न चढवता एवढेच विचारले, ‘‘मॅडम, तुम्ही तो कागद वाचला होता का?’’ मी वाचला नव्हता. कंपनीने दिलेल्या माहितीवर मी विश्वास ठेवला आणि माझ्यावर त्या कुटुंबाने. त्यानंतर मालकाचे मागणीपत्र, मुखत्यारपत्र आणि उमेदवाराला समजेल अशा भाषेतला सही झालेला करारनामा हाती आल्याशिवाय मी कोणाचीही मुलाखत घेतली नाही. त्यामुळे वरिष्ठ नाराज झाले, आणि शेवटी मी ती कंपनी सोडली.

तुमच्या बाबतीत हा धोका माझ्यापेक्षा मोठा आहे. मी अनोळखी मुंबईत बसून निवड करत होते. तुम्ही ज्या माणसांबरोबर जोतिबाच्या यात्रेचा बंदोबस्त केला, पुराच्या पाण्यात रात्री काढल्या, त्यांच्यापुढे उभे राहणार आहात. एजन्सीने तुम्हाला शोधले ते तुमच्या भरतीच्या अनुभवासाठी नव्हे, तर बावड्याच्या पोलीस लाईनीत तुमच्या शब्दाला असलेल्या किमतीसाठी. ‘फौजदारसाहेब सांगतात म्हणजे खरे असणार’ या वाक्याचे ते ४० हजार आहेत.

याच कारणाने माणसामागे दलालीची पद्धत मला मुळातच अमान्य आहे. निवड करणाऱ्याचे सर्वांत मोठे काम नकार देण्याचे असते, आणि ज्याला प्रत्येक होकाराचे पैसे मिळतात त्याचा नकार हळूहळू मिटत जातो. पुढे कधी एखाद्या नोंदणीकृत, चांगल्या कंपनीने तुम्हाला बोलावले, तर महिन्याच्या पगारावर आणि लेखी नेमणुकीवरच जा, आणि उमेदवाराच्या पैशाला हात लावणार नाही हे पहिल्या दिवशीच सांगा.

नकार कोणाला द्यायचा, हेही लिहिते, कारण तिथे तुमच्यासारख्याचा अनुभव खरोखर मोलाचा आहे. अमेरिकेकडे परदेशी मोहिमांना पाठवण्यासाठी स्वतःचे राष्ट्रीय पोलीस दल नाही, त्यामुळे बोस्नियात राष्ट्रसंघाच्या पोलीस पथकासाठी त्या सरकारने डाइनकॉर्प या खासगी कंपनीमार्फत पोलीस भरती केले. १९९९ मध्ये नेब्रास्का राज्यातील कॅथरिन बोल्कोव्हॅक या पोलीस अधिकारी त्याच वाटेने तिथे गेल्या आणि त्यांच्या लक्षात आले, की देहविक्रयासाठी विकल्या गेलेल्या मुलींच्या व्यवहारात मोहिमेतलीच काही माणसे गुंतली आहेत. त्यांनी ते लिहून कळवले, त्यांना कामावरून काढले गेले, आणि २००२ मध्ये ब्रिटनमधील कामगार न्यायाधिकरणाने त्यांची बडतर्फी अन्यायाची ठरवली. मी हे प्रकरण प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगत असे. ती माणसे तिथे पोहोचली, त्याआधी कोणीतरी त्यांची मुलाखत घेतली होती, सेवेचा दाखला पाहिला होता आणि ‘पात्र’ असा शेरा मारला होता.

तुमच्या दलात कोणाच्या नावावर किती कसुरी अहवाल, म्हणजे कामातील कसुरीच्या नोंदी, आहेत, कोणाची विभागीय चौकशी मिटवली गेली, कोणाचा हात कोठडीत सैल सुटतो, कोण तक्रार घेऊन आलेल्या बाईशी कसा बोलतो, हे तुम्हाला सेवापुस्तक न उघडता माहीत असते. युद्धाने मोडलेल्या देशात अशा माणसाच्या हाती बंदूक येते आणि समोरच्या बाईला त्याच्याविरुद्ध कोणत्या भाषेत, कुठे तक्रार करायची हेच कळत नाही. तेव्हा निवड करणाऱ्याचे उत्तरदायित्व फक्त जाणाऱ्याच्या घरापुरते नसते, तो जिथे जातो तिथल्या घरांपर्यंत ते पोहोचते. कर्जाच्या तगाद्याने पळू पाहणारा, घरात भांडण करून निघालेला आणि दारूत बुडालेला, हे तिघेही मुलाखतीत फार उत्साही दिसतात. मी नेहमी उमेदवाराच्या पत्नीशी किंवा आईशी स्वतंत्रपणे बोलत असे, आणि निम्मे निर्णय त्या पंधरा मिनिटांत होत.

सेवेत असलेल्यांना तर या प्रस्तावाजवळ फिरकूही देऊ नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे परवानगीशिवाय दुसरी नोकरी पत्करता येत नाही, हे त्यांना ठाऊक असते. तरी ‘दीर्घ रजा टाकून जाऊन येऊ’ असे म्हणणारे भेटतातच. स्वेच्छानिवृत्तीला २० वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी, सेवा लागते. त्यातही १ नोव्हेंबर २००५ नंतर भरती झालेल्यांचे निवृत्तिवेतनाचे गणित जुन्या लोकांपेक्षा वेगळे आहे, म्हणून दोन वर्षांच्या परदेशी पगारासाठी काय सोडावे लागेल, ते त्यांनी लेखा शाखेत बसून आकड्यांत काढून घ्यावे.

विम्याबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. काम अमेरिकी सरकारच्या कंत्राटाखालचे असेल, तर तिथल्या १९४१ च्या डिफेन्स बेस कायद्याने इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाई मिळते आणि ती इतर देशांच्या नागरिकांनाही लागू आहे. आपल्याकडच्या कुटुंबांना हे कोणी सांगत नाही. काम तसे नसेल, तर विमा कोणत्या कंपनीचा, किती रकमेचा आणि युद्धजन्य घटना त्यात धरल्या आहेत की वगळल्या आहेत, हे लेखी मागावे. २००४ च्या ऑगस्टमध्ये इराकमध्ये १२ नेपाळी तरुणांची हत्या झाली, ती मुले जॉर्डनमधल्या कामासाठी म्हणून घरून निघाली होती. अगदी अलीकडे आपल्याच देशातील तरुणांना मदतनिसाची नोकरी सांगून रशियाच्या युद्धात आघाडीवर नेले गेले आणि २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाला एजंटांवर गुन्हे दाखल करावे लागले. राष्ट्रसंघाच्या निळ्या टोपीखालीही धोका असतोच. २०२२ च्या जुलैमध्ये काँगोतील बुटेंबो येथे सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले. फरक इतकाच, की त्यांच्या घरी देशाच्या सरकारने निरोप पोहोचवला.

तुम्ही विचारले आहे, की करायचे तर कसे करावे. माझ्या मनात तुमच्यासाठी एक वेगळे काम आहे. सेवेतील तरुण पोलीस राष्ट्रसंघाच्या चाचणीत अडखळतात ते धैर्यात नव्हे, बहुतेक वेळा इंग्रजीत. बिनतारी यंत्रावर तुटक ऐकलेला संदेश समजून घेणे, त्यावरून घटनेचा अहवाल नीट लिहिणे, मुलाखतीत पूर्ण वाक्यांत उत्तर देणे, आणि सवयीच्या गाडीऐवजी फोर बाय फोर गाडी ठरलेल्या खुणांत मागे घेणे, याचा सराव कोल्हापुरात नियमितपणे करून घेणारे कोणी असायला हवे. अहवाल कसा लिहावा हे तुम्ही शिकवू शकता. इंग्रजीसाठी एखादे निवृत्त प्राध्यापक जोडीला घ्या. महिला पोलिसांना आवर्जून बोलवा, कारण गणवेशधारी महिलांचे प्रमाण वाढवण्याचे २०१८ ते २०२८ या काळाचे धोरणच राष्ट्रसंघाने आखले आहे. पोलीस अधीक्षक कार्यालयाला आधी कळवा, वर्गाची फी माफक आणि पावतीवर घ्या, आणि निवडीची हमी कोणालाही देऊ नका. यातून ४० हजार माणशी मिळणार नाहीत. मुलाच्या हप्त्याला दरमहा थोडा हातभार मात्र लागेल, आणि तो पैसा तुम्ही पत्नीच्या हातावर ठेवू शकाल.

आता ते तीन पासपोर्ट. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते आणि दुसऱ्याचा पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही एजंटाला नाही. ते नवी मुंबईला पाठवू नका. हे पत्र वाचाल त्याच दिवशी तिघांच्या घरी स्वतः जा, फोनवर ‘येऊन घेऊन जा’ असे सांगू नका. घरच्यांसमोर पासपोर्ट हातात द्या, मिळाल्याची सही घ्या, आणि एजन्सीबद्दल तुम्हाला जे आता कळले आहे ते त्यांना बसून सांगा. त्यांच्यापैकी कोणी परस्पर पैसे भरले असतील, तर ती पावती आणि फोनवरचे संदेश जपून ठेवायला सांगा आणि त्यांच्याबरोबर तक्रार लिहायला तुम्हीच बसा; त्या तिघांच्या ओळखीत तेवढी चांगली फिर्याद दुसरे कोणी लिहू शकणार नाही.